साताऱ्यातलं पोरीचं गॅरेज, गाडी बिनधास्त द्या

गोडोलीकडं एका पंचविशीतल्या पोरीनं टू-व्हीलरचं गॅरेज टाकलंय, तिथं ॲक्टिव्हा दिली होती. गाडी पिकअपच घेत नव्हती, यवतेश्वर घाटात तर पार रडायची, आधीच्या मेकॅनिकनं थेट इंजिन खोलायला सांगितलेलं. हिनं आधी बेल्टचं कव्हर उघडलं, चिरा पडलेला बेल्ट आणि एका बाजूनं चपटे झालेले रोलर माझ्या हातात दिले, म्हणाली काका इंजिन ठणठणीत आहे, एवढंच बदलू. आता घाट एका दमात चढते!

आजकालच्या पोरांना कष्ट नकोत म्हणणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींनी तिचे ग्रीसनं माखलेले हात बघावेत, कंपनीतली नोकरी सोडून उतरलीय यात आणि काम एक नंबर. शनिवारी गर्दी असते, फोन करून जा.