प्राट – ध्वनींच्या अभ्यासाचे मोफत, पण समजून वापरण्याचे साधन

भाषांच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एकच सॉफ्टवेअर सुचवायचे झाले, तर मी ‘प्राट’चे नाव घेईन. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी १९९०च्या दशकात ते घडवायला सुरुवात केली आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही येत असतात. ते पूर्णपणे मोफत असून त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. नामवंत प्रयोगशाळेतील तज्ज्ञ आणि तालुक्याच्या महाविद्यालयात एम. ए. करणारी विद्यार्थिनी या दोघांच्याही हाती नेमके तेच साधन असते, ही गोष्ट मला त्याच्या इतर सर्व गुणांहून मोलाची वाटते.

ध्वनिमुद्रण उघडले की वरच्या पट्टीत ध्वनिलहर आणि खालच्या पट्टीत स्पेक्ट्रोग्राम दिसतो. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकतो, खालून वर वारंवारता वाढत जाते आणि जिथे ऊर्जा जास्त तिथे चित्र अधिक काळे होते. ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द एकाच व्यक्तीकडून म्हणवून घेऊन शेजारी शेजारी पाहावेत. लिपीत एकच ‘च’ आहे. पण ‘चार’मधल्या तालव्य (जीभ टाळूला लावून उच्चारलेल्या) ‘च’चे घर्षण साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, तर ‘चारा’मधल्या दंततालव्य (जीभ दातांजवळ नेऊन उच्चारलेल्या) ‘च’च्या घर्षणाचा बराचसा भाग ५००० हर्ट्झच्या वर असतो. नेमकी इथेच नवख्या माणसाची फसगत होऊ शकते, कारण प्राटमध्ये स्पेक्ट्रोग्रामची वरची मर्यादा मुळात ५००० हर्ट्झ ठेवलेली असते. ती तशीच राहू दिली, तर दंततालव्य ‘च’ क्षीण भासतो आणि मुख्य पुरावा चौकटीबाहेर राहतो. सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा ८००० किंवा १०००० करावी. अर्थात मूळ ध्वनिमुद्रणच सेकंदाला ८००० नमुन्यांचे (म्हणजे आवाजाची नोंद सेकंदाला तितक्या वेळा घेतलेले) असेल, जसे साध्या दूरध्वनीवरचे असते, तर त्यात ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरलेले नसते आणि मग कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. म्हणून मुद्रण सेकंदाला ४४१०० नमुन्यांनी आणि न आकुंचित केलेल्या ‘वेव्ह’ स्वरूपातच करावे.

भाषाभाषांची तुलना करताना या साधनाचे खरे बळ कळते. मराठी ‘घोडा’ आणि पंजाबीतला तोच शब्द घ्या. मराठीत ‘घ’ सघोष (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारलेला) असून त्याच्या पाठोपाठ येणारा श्वास पुढच्या स्वराच्या सुरुवातीलाही दिसतो. पंजाबीत मात्र त्या जागी ‘क’सारखा अघोष (त्या कंपनाविना उच्चारलेला) ध्वनी येतो आणि भेद दाखवण्याचे काम खालचा सूर करतो. सूररेषा (आवाजाचा चढउतार दाखवणारी रेषा) सुरू केली की हा फरक डोळ्यांसमोर येतो. स्वनिमांच्या (भाषेतील अर्थभेदक ध्वनींच्या) तक्त्यात ‘सुरांची भाषा’ अशी नोंद वाचणे आणि तो सूर उतरताना पाहणे यांत मोठे अंतर आहे.

सूररेषेवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नये. श्वासमिश्रित किंवा किरकिऱ्या आवाजात ती मधूनच एका सप्तकाने वर वा खाली उडी मारते. बोलणाऱ्याच्या आवाजानुसार सुराची कक्षा बदलावी लागते. फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणारे वारंवारतेचे ठळक पट्टे) मोजतानाही कमाल मर्यादा पुरुषांसाठी ५०००, तर स्त्रियांसाठी ५५०० हर्ट्झच्या आसपास धरावी लागते. हे न करता काढलेले आकडे दशांश चिन्हापर्यंत नेटके दिसतात आणि तरीही चुकीचे असतात. प्राट आकडा नेहमी देते. तो ग्राह्य धरायचा की नाही, हे ठरवण्याइतके स्वनविज्ञान वापरणाऱ्याला यावेच लागते.

मांडणीबद्दल माझी तक्रार आहे. सुरू होताच दोन वेगळ्या खिडक्या उघडतात, त्यांपैकी चित्रांच्या खिडकीचे नवशिक्याला सुरुवातीला कामच नसते, आणि शब्द वा ध्वनी कुठे सुरू होतो नि संपतो हे दाखवण्यासाठी मुद्रणावर केलेल्या खुणा आपोआप जतन होत नाहीत. सोबतची मार्गदर्शिका सखोल आहे, पण पहिल्या दिवशी ती जड जाते. याउलट, छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) लिहून शेकडो स्वरांची लांबी एका दमात मोजता येते, ही सोय शिकण्याचे कष्ट भरून काढते.

व्याकरण आणि संभाषणाच्या अभ्यासासाठी प्राट अपुरे पडते. चौघेजण एकमेकांचे बोलणे तोडत असतील, हातवारे आणि नजरही नोंदवायची असेल, तर नेदरलँड्समधील नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेने तयार केलेले ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात व्हिडिओसोबत अनेक स्तरांवर नोंदी करता येतात. प्राटमधल्या खुणांची फाइल एलानमध्ये आणता येते आणि तिकडची इकडेही नेता येते. त्यामुळे शब्द, अक्षर आणि ध्वनी यांचे स्तर पहिल्या फाइलपासूनच वेगळे ठेवावेत आणि त्यांची नावे सर्व फाइलींत एकसारखी द्यावीत.