आंतरदेशीय पत्र : दुखावलेल्या नात्यासाठी अडीच रुपयांची सोय

ज्या नातेवाइकांनी आपल्याला दुखावले त्यांच्याशी संबंध तोडायचे नाहीत, पण त्यांना आपल्या रोजच्या आयुष्यात वावरूही द्यायचे नाही, अशा पेचात असलेल्यांना मी भारतीय टपाल खात्याच्या आंतरदेशीय पत्राची मनापासून शिफारस करते. अडीच रुपयांचे हे पत्र मी काही वर्षे मुंबईहून कोकणातल्या थोरल्या भावाला लिहीत आले आहे. वडिलांच्या तेराव्याला आलेले पाहुणे परतायच्या आत त्याने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले आणि “तुला मुंबईत काय कमी आहे?” असे सगळ्यांदेखत विचारले. मी सही केली नाही, आणि तेव्हापासून आमचे बोलणे थांबले. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. त्याचे काय करायचे ते वकील पाहतील. पण आई त्याच्याकडे असते, पुतणी मोठी होते आहे, आणि त्या दोघी मला हव्या आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे जमत नाही, असा माझा अनुभव आहे. निळ्या टिका बंद करता येतात, पण गटात त्या दिसतातच; संदेश वाचला हे कळले की उत्तराची वाट पाहिली जाते, उत्तर दिले की प्रत्युत्तर येते, आणि रात्री अकरा वाजता जुने भांडण पुन्हा उकरले जाते. टपालात भांडणाला हा वेग मिळत नाही. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर पेटीत पडण्यापूर्वी निदान एक रात्र माझ्या टेबलावर असतो, आणि सकाळी त्यातली चार वाक्ये गाळून मी तो नव्या पत्रावर उतरवते.

पत्राची रचना या कामाला फार उपयोगी आहे. लिहायला आतले एक पान आणि घडीवरची थोडी जागा मिळते. तेवढ्यात आईच्या औषधांची चौकशी, पुतणीच्या परीक्षेबद्दल दोन शब्द आणि इकडची खुशाली मावते. जुना हिशेब मांडायला जागा उरत नाही. आत काहीही ठेवू नये अशी सूचना वरच छापलेली असते, त्यामुळे पैसे, कागदपत्रे, फोटो हे सगळे आपोआप बाहेर राहते. पोस्टकार्ड पन्नास पैशांत मिळते, पण ते घरात शिरेपर्यंत चार जण वाचतात. इथे घडी चिकटवता येते. स्पीड पोस्टने पाठवले तर सही करून घ्यावे लागते, आणि वाटण्यांचा वाद चालू असलेल्या घरात सहीचे टपाल म्हणजे वकिलाची नोटीस, असाच समज होतो.

मला सर्वांत मोठा आधार वाटतो तो मायन्याचा. “ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.” असे लिहिताना मला प्रेमाचे सोंग करावे लागत नाही आणि त्याचा मानही जात नाही. शेवटी “कळावे, लोभ असावा” लिहिले की पत्र संपते, निरोप कसा घ्यावा याचा विचार करावा लागत नाही. पत्ता लिहिणे मात्र जड जाते. घर अजून वडिलांच्या नावाने ओळखले जाते, म्हणून पत्त्यात त्यांचे नाव आधी लिहावे लागते आणि मगच पिनकोडच्या सहा चौकटींकडे वळता येते. ही पिनकोडची पद्धत १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखून दिली. एकाच नावाची अनेक गावे असलेल्या कोकणात तिचे मोल चांगलेच कळते.

मर्यादाही सांगायला हव्यात. साध्या टपालाची पोच मिळत नाही, त्यामुळे तातडीच्या आजारपणासाठी फोनच करावा. मालमत्तेबद्दल यात एक अक्षरही लिहू नये, कारण लेखी शब्द उद्या कोर्टात दाखवला जाऊ शकतो. आणि ज्या नातेवाइकाने हात उगारला आहे, किंवा ज्याला आपण कुठे राहतो हे कळू द्यायचे नाही, त्याच्यासाठी हा मार्ग नाहीच. त्याला पत्र लिहिण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही, मग घरातले वडीलधारे काहीही म्हणोत.

मी ही पत्रे सीएसएमटीजवळच्या जीपीओतून एकदम बरीच घेऊन ठेवते. समोरच्या कबुतरखान्यापाशी पूर्वी पत्रलेखक बसत आणि गिरणगावात आलेल्या माणसांची पत्रे लिहून देत. घरचे सगळे काही उघड्यावर सांगण्याजोगे नसताना ती माणसे काय सांगत आणि काय गाळत असतील, असे तिथून जाताना नेहमी मनात येते.

भावाने स्वतः अजून उत्तर दिलेले नाही. पुतणी लिहिते, तिच्या अक्षरात आईचा निरोप असतो, आणि एवढ्यासाठी अडीच रुपये मला फार थोडे वाटतात. श्रावणात पोस्टात राखीची खास, पाण्याने न भिजणारी पाकिटेही मिळतात. ती मी अजून घेतलेली नाहीत. राखीपौर्णिमेच्या आठवड्यातही सध्या नुसते पत्रच जाते.