वागळे इस्टेटच्या मिस्त्रींनी माझी क्लच प्लेट वाचवली

बाबांची 2004 ची मारुती 800 मी अजून रोज चालवते. ठाण्यात घर कासारवडवलीला, शाळा पाचपाखाडीला. जाता-येता घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, त्यामुळे डावा पाय कायम क्लचवर.

मे महिन्यात रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायला लागला. पहिला गिअरही अडायचा. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून क्लचच्या केबलचा (पेडल दाबल्यावर क्लच ओढणारी तार) नट आवळला आणि पाच मिनिटांत "झालं मॅडम" म्हणाला. गिअर खरंच लोण्यासारखे पडायला लागले. पण रविवारी वसईला मावशीकडे निघाले, तर गायमुखच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही चढेना, वर जळका वास. तोच गॅरेजवाला म्हणाला, क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरकडे नेणारी चकती) गेली, साडेपाच हजार होतील.

शाळेतल्या शिपाईदादांनी वागळे इस्टेटला, रोड नंबर 16 च्या आतल्या गल्लीतलं हे गॅरेज सांगितलं. पाटीसुद्धा नाही. मिस्त्री साठीचे असतील. त्यांनी आधी बॉनेटला हातच लावला नाही. खाली बसून हातानेच पेडल दाबलं आणि म्हणाले, "ताई, याला प्लेच, म्हणजे सैलपणाच, ठेवला नाही." स्टीलची पट्टी लावून दाखवलं: पेडल दोनेक सेंटिमीटर सैल जायला हवं, मग जड लागायला हवं. माझं पहिल्यापासूनच जड. म्हणजे पाय काढला तरी प्लेट सोडवणारं बेअरिंग दाबलेलंच, प्लेट पूर्ण धरतच नाही.

नट सैल करून त्यांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच सोडला. गाडी धाडकन बंद. प्लेट घसरत असती तर इंजिन चालूच राहिलं असतं. "प्लेट धरतेय. चालेल अजून." माझ्या जिवात जीव आला.

पण प्ले ठेवल्यावर रिव्हर्स पुन्हा ओरडला. म्हणून त्यांनी केबल बाहेर काढली. पेडलकडच्या टोकाला सात-आठ तारा तुटून केरसुणीसारख्या फुललेल्या. केबल लांबत होती म्हणून क्लच पूर्ण सुटत नव्हता, आणि पहिला माणूस तिला आवळत सुटला होता. कधीतरी तीनहात नाक्याच्या सिग्नलला तुटलीच असती, या विचाराने मला आजही धस्स होतं.

नवी केबल 380, मजुरी 250. पाऊण तास लागला. आठवड्याने परत बोलावलं, नवी केबल सुरुवातीला थोडी सैल पडते म्हणून. तेव्हा नट अर्धा वळसा फिरवला, पैसे घेतले नाहीत.

अडचणी सांगते. फोन उचलत नाहीत, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, बिल साध्या कागदावर. सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लवकर लागतो. जुनी गाडी असेल तर तिथेच न्या, आणि काम चालू असताना शेजारी उभ्या राहा. विचारलेलं सगळं ते नीट दाखवतात. जुनी केबलही त्यांनी पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली.