स्टुडंट गव्हर्नमेंट की विद्यार्थी सेवांमधलं काम? कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात वेळ कुठे द्यावा

क्युपर्टिनोचं डी अँझा, लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल, फ्रीमाँटचं ओलोनी. बे एरियातल्या मराठी घरांतली मुलं या कम्युनिटी कॉलेजांत शिकतात, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे येऊन पुन्हा वह्या-पुस्तकं हातात घेतलेल्या स्त्रियाही. वर्ग, गृहपाठ आणि प्रवास वजा जाता आठवड्याला सात-आठ तास उरतात. ते कॉलेजातच घालायचे तर दोन मुख्य वाटा आहेत. पहिली, विद्यार्थी सेवांमध्ये काम: ट्यूटरिंग सेंटर, ट्रान्स्फर सेंटर (चार वर्षांच्या विद्यापीठात जायला मदत करणारं), आर्थिक मदत कार्यालय, फूड पँट्री (मोफत शिधा), नव्या विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन. दुसरी, असोसिएटेड स्टुडंट्स, म्हणजे विद्यार्थ्यांचं निवडून आलेलं सरकार; त्याचं सभागृह म्हणजे सिनेट.

‘ट्रान्स्फरच्या अर्जात काय चांगलं दिसेल?’ हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. आमच्या मते त्याचा क्रमांक तिसरा. आधी व्हिसा पाहावा, मग वेळापत्रक.

व्हिसा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ट्यूटर होता येईल, पण फेडरल वर्क-स्टडीतून (केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीतून) पगार निघणाऱ्या जागा तुमच्यासाठी नसतात. जाहिरातीत निधी कुठून येतो ते आधी वाचा, म्हणजे मुलाखतीपर्यंत जाऊन परत फिरावं लागणार नाही.

एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असाल आणि ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर पगाराचं काम बंदच. ‘पगार नको, नुसती मदत करते’ हा तोडगाही धोक्याचा आहे, कारण एरवी ज्याला पगार मिळतो ते काम फुकट करणं हेही विनापरवाना काम ठरू शकतं. सिनेटमधलं बिनपगारी पद ही वेगळी गोष्ट आहे, ते घेता येतं. मात्र काही कॉलेजं पदाधिकाऱ्यांना मानधन देतात. ते स्वीकारण्याआधी एफ-१ वाल्यांनी इंटरनॅशनल ऑफिसला आणि एच-४ वाल्यांनी इमिग्रेशन वकिलाला विचारावं, नाहीतर लेखी नाकारून टाकावं. मुलांचा एच-४ वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. पुढे एफ-१ साठी अर्ज करताना मागचं मानधन अडचणीचा प्रश्न होऊन समोर येऊ नये.

नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर या बाबतीत दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

पैसे आणि तास

सेवांमधल्या कामाला ताशी पगार असतो. २०२६ मध्ये राज्याचं किमान वेतन ताशी १६.९० डॉलर आहे. आठवड्याला आठ तास केले तर साधारण १३५ डॉलर होतात. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटमागे (कोर्सच्या क्रेडिटमागे) ४६ डॉलर फी पडते, म्हणजे १२ युनिटांचे ५५२. कर धरला नाही तर ही जेमतेम चार आठवड्यांची कमाई. पाळ्या ठरलेल्या असतात आणि परीक्षेच्या आठवड्यात आधी सांगून बदलून घेता येतात.

रखडतं ते सुरुवातीला. निवड झाली तरी आय-९ फॉर्म (कामाच्या हक्काची पडताळणी), सोशल सिक्युरिटी नंबर आणि काही डिस्ट्रिक्टमध्ये (कॉलेजं चालवणाऱ्या संस्थांमध्ये) टीबीची चाचणी झाल्याशिवाय पहिली पाळी लागत नाही. एफ-१ वाल्यांना सोशल सिक्युरिटी नंबरसाठी काम देणाऱ्या विभागाचं आणि इंटरनॅशनल ऑफिसचं अशी दोन पत्रं लागतात. टीबीबद्दल भारतात लहानपणी बीसीजी घेतलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: त्वचेवरची चाचणी बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेचा फेरा मागे लागतो. पहिल्याच भेटीत रक्तचाचणी मागा.

ट्यूटर व्हायचं असेल तर तो विषय त्या कॉलेजात ए किंवा बी ग्रेडने पूर्ण केलेला असावा आणि प्राध्यापकाची शिफारस असावी, अशी अट सहसा असते. त्यामुळे पहिल्या सत्रात हे दार बहुधा बंद असतं. तेव्हा फ्रंट डेस्क किंवा फूड पँट्रीपासून सुरुवात करावी. काम कुठलंही असो, दुसऱ्या विद्यार्थ्याची माहिती बाहेर जाता कामा नये. फेर्पा हा १९७४ चा कायदा तुम्हालाही लागू होतो. कोणाला किती मदत मंजूर झाली, कोण अपंग सेवा कार्यालयात आलं होतं, हे घरी जेवतानाही बोलायचं नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे तर मुळीच नाही.

सिनेटचे तास कागदावर कमी दिसतात. आठवड्याची एक सभा, दीड-दोन तासांची. पण त्यावर समित्या, कार्यालयात बसण्याचे तास, कार्यक्रमांची तयारी आणि ईमेल येतात. पदाधिकाऱ्याने आठवड्याला आठ ते दहा तास धरून चालावं. हे तास हलवताही येत नाहीत, कारण तुम्ही नसलात तर कोरम (सभेची किमान उपस्थिती) मोडतो. डी अँझा आणि फूटहिलमध्ये क्वार्टर पद्धत, म्हणजे छोटी सत्रं, आहे. तिथे मिडटर्म चौथ्या-पाचव्या आठवड्यातच येऊन ठेपतात, तेव्हा हा ताण जास्त जाणवतो.

हातात काय येतं

महाराष्ट्रात कॉलेज केलेल्यांच्या डोळ्यांसमोर जी.एस. आणि गॅदरिंग येतं. इथलं काम त्यापेक्षा बरंच कायद्याने बांधलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमावलीच्या टायटल ५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाचे दहा विषय नोंदले आहेत. ग्रेडिंगची धोरणं, आचारसंहिता, अभ्यासक्रम, कोणते कोर्स सुरू वा बंद करायचे, अर्थसंकल्पाची प्रक्रिया, विद्यार्थी सेवांचं नियोजन, शुल्क हे त्यातले काही. या विषयांवर विद्यार्थ्यांना सहभागाची संधी दिल्याशिवाय डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने एरवी निर्णय घेऊ नये, असं नियम सांगतो. हा नकाराधिकार नव्हे. मत विचारात घेतलंच पाहिजे, मानलंच पाहिजे असं नाही. तरीही ट्यूटरिंग सेंटर शनिवारी उघडं राहावं की नाही, यावर तिथल्या ट्यूटरपेक्षा सिनेटरचा शब्द दूर जातो. बसपासचं उदाहरण घ्या. कॉलेजाला वाहतूक शुल्क लावायचं तर विद्यार्थ्यांचं मतदान घ्यावं लागतं, आणि ते उभं करायला विद्यार्थी सरकार लागतं.

या अधिकाराबरोबर शिस्त येते आणि नवे लोक इथेच अडखळतात. असोसिएटेड स्टुडंट्सला ब्राऊन अॅक्ट, म्हणजे सार्वजनिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवणारा राज्याचा कायदा, लागू आहे. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा. सभा मंगळवारी दुपारी तीनला असेल तर शनिवारी दुपारी तीनच्या आत, आणि शनिवारी कार्यालय बंद म्हणून प्रत्यक्षात शुक्रवारीच. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर ठराव होत नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती व्हॉट्सअॅपवर. बहुमताइतके सदस्य ग्रुपवर एखाद्या ठरावाची चर्चा करू लागले की ती बेकायदा सभा ठरते, मग मत तिथे दिलेलं असो वा नसो. तारीख-वेळ कळवा, चर्चा सभेत करा.

पैशांचंही तसंच. विद्यार्थी निधीतला खर्च तीन जणांच्या मंजुरीशिवाय होत नाही: डिस्ट्रिक्टने नेमलेला कर्मचारी, संघटनेचा सल्लागार आणि विद्यार्थी प्रतिनिधी. ‘आत्ता मी भरतो, नंतर बिल लावू’ असं केलेला खर्च बुडण्याची शक्यता मोठी. दिवाळीचा कार्यक्रम करायचा तर अजेंडा, ठराव, मंजुरी आणि खरेदी धरून महिना-दीड महिना आधी कागद हलले पाहिजेत.

सेवांमधल्या कामाला हा पल्ला नाही, पण परिणाम त्याच दिवशी दिसतो. समोर बसलेल्याला भागाकार समजतो, कोणाचा अडलेला अर्ज पुढे सरकतो. ट्यूटरचं प्रशिक्षणही हाताशी राहतं: सीआरएलए (ट्यूटर प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्था) पद्धतीच्या पहिल्या पातळीला साधारण १० तास प्रशिक्षण आणि २५ तास प्रत्यक्ष शिकवणं लागतं. शिवाय काउन्सेलर, ईओपीएस (गरजू विद्यार्थ्यांना आधार देणारी योजना), ट्रान्स्फर सेंटर कसं चालतं ते आतून कळतं, आणि कुठल्या विद्यार्थ्याला कुठे पाठवायचं याची जाण येते. ही जाण असलेला सिनेटर नुसत्या भाषणबाज सिनेटरपेक्षा किती तरी उपयोगी पडतो. म्हणून व्हिसाची आडकाठी नसेल तर आमचा कौल असा: पहिल्या वर्षी सेवांमध्ये काम, दुसऱ्या वर्षी हवं तर सिनेट.

ट्रान्स्फरचा अर्ज

यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसचं टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ), कोर्स, युनिट आणि ग्रेडवर मिळतं. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर या कम्युनिटी कॉलेजच्या पदवीतून सीएसयूची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) हमीही तशीच. तिथे अध्यक्षपदाचा काडीचाही फरक पडत नाही. पडतो तो बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो अशा टॅग न देणाऱ्या कॅम्पसना, आणि तोही ग्रेड आणि मेजरची (मुख्य विषयाची) तयारी यांच्या मागे. यूसीला चार छोटी उत्तरं लिहावी लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांची. त्यांतलं एक ठरलेलं, बाकी तीन तुम्ही सातांतून निवडता. सातांतला एक प्रश्न नेतृत्वाबद्दल आहे, पण वर्षभर स्टॅटिस्टिक्स शिकवलेला ट्यूटरही त्याला भरीव उत्तर देऊ शकतो.

वेळापत्रकाचा खरा पेच इथे आहे. सिनेटच्या निवडणुका वसंत सत्रात होतात आणि उन्हाळ्यात नवी कारकीर्द सुरू होते. दोन वर्षांत ट्रान्स्फर करणाऱ्याच्या वाट्याला ते वर्ष दुसरं येतं. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर, यूसीचा मुख्य अर्ज ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. नव्या सिनेटचा अर्थसंकल्प, रिकाम्या जागा आणि शरद सत्राचे कार्यक्रम याच तीन महिन्यांत अंगावर येतात. अध्यक्ष किंवा खजिनदार व्हायचं असेल तर उत्तरांचे कच्चे मसुदे ऑगस्टमध्येच लिहून ठेवा. ते जमणार नसेल तर साधं सिनेटरपद घ्या.

फार कमी लोक मागतात ती जागा

अर्थसंकल्प, अभ्यासक्रम, तंत्रज्ञान, नेमणुका अशा कॉलेजच्या समित्यांमध्ये विद्यार्थी प्रतिनिधीची खुर्ची असते. महिन्याला एक-दोन सभा आणि वाचायला थोडे कागद. नेमणूक विद्यार्थी सरकार करतं, आणि या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. एच-४ वरच्यांना, संध्याकाळी वर्ग असणाऱ्यांना, लहान मुलं असलेल्यांना आम्ही ही जागा मनापासून सुचवतो. पहिल्या सभेआधी मागच्या तीन सभांची इतिवृत्तं वाचा आणि या सत्रात मतदान कशावर होणार आहे ते अध्यक्षांना ईमेलवर विचारा. एवढं केलं तरी दुसऱ्या सभेपासून तुमचं बोलणं लोक ऐकतात.

स्टुडंट ट्रस्टीचं पद याहून वेगळं आहे. ते डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर बसतं, मत सल्ल्यापुरतं असतं आणि बंद दाराआडच्या बैठकीला प्रवेश नसतो. फूटहिल-डी अँझाच्या बोर्डावर दोन्ही कॉलेजांचा एकेक आहे. त्यांचे कागद शेकडो पानांचे असतात, तेव्हा आधी वर्षभर एखादी समिती केलेली असावी.

सिनेटसाठी निवडणुकीच्या वेळी आणि पूर्ण कारकिर्दीत किमान पाच सेमिस्टर युनिट (क्वार्टर पद्धतीत साडेसात) घेतलेली असावी लागतात, आणि डिस्ट्रिक्टने ठरवलेली किमान ग्रेडही. सत्राच्या मध्यावर जड जाणारा कोर्स सोडण्याआधी ही संख्या मोजा, कारण पाचाखाली गेलात की पद जातं. उमेदवारीचे कागद कॉलेजनुसार फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. तो महिना हुकला तर शरद सत्रात रिकाम्या जागांवर नेमणुका होतात. सलग दोन सभांना जाऊन पब्लिक कमेंटमध्ये (हजर असलेल्यांनी बोलण्याच्या वेळेत) नाव आणि इच्छा नोंदवली की बहुतेक ठिकाणी अर्ज हातात मिळतो.