‘ओरिजिनल १९७४’ म्हणून गळ्यात मारलेली रेकॉर्ड

जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांनी, खास करून अमेरिकेत राहून ऑनलाइन घेणाऱ्यांनी, हे वाचून ठेवा. शगी ओटिसचा ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ हा १९७४चा अल्बम मला ‘ओरिजिनल प्रेस’, म्हणजे तेव्हाच छापलेली मूळ प्रत, म्हणून १८० डॉलरना विकला गेला. घरी आली ती अलीकडची रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती.

आधी अल्बमबद्दल थोडं, कारण सगळी लबाडी त्याच्या इतिहासावरच बेतलेली आहे. शगी हा लॉस एंजेलिसच्या जॉनी ओटिस या संगीतकाराचा मुलगा. वय जेमतेम विशीचं, पण बहुतेक वाद्यं पठ्ठ्याने स्वतःच वाजवली आणि ऱ्हिदम मशीनच्या टकटकीवर असं काही सोल संगीत रचलं की आजही ते जुनं वाटत नाही. तेव्हा ते फारसं खपलं नाही आणि एपिक या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने त्याला नारळ दिला. पुढे २००१ साली ‘टॉकिंग हेड्स’ बँडचा गायक डेव्हिड बर्न याच्या लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीने अल्बम पुन्हा काढला, तेव्हा कुठे लोकांनी कान टवकारले. माझ्याही कानावर तो असाच पडला. अशा वेळी मूळ प्रतीची हौस सुटतेच. प्रती थोड्या आणि मागणारे फार, म्हणजे भामट्यांची चांदी.

विकणारा बोलायला गोड. काका रेडिओ स्टेशनवर होते, आता घर बदलतोय, त्यांचा संग्रह काढतोय वगैरे. फोटोत पुढचं कव्हर, रेकॉर्डच्या मधोमध असतं ते एपिकचं नारिंगी लेबल आणि कव्हरची मागची बाजू. मागच्या बाजूला कोपऱ्यात कुठल्याशा दुकानाचा पिवळा पडलेला किमतीचा स्टिकर. जाहिरातीत लिहिलेलं, ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ या गाण्यासकट. पैसे पेमेंट ॲपमधल्या ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायातून पाठवा म्हणाला, म्हणजे फी वाचेल. आणि जरा लवकर, आणखी दोघं विचारतायत.

पार्सल उघडल्यावर पहिली शंका वजनावरून आली. १९७३च्या तेलटंचाईनंतरच्या अमेरिकन रेकॉर्डी बहुतेक पातळ आणि लवचिक असतात. ही जाडजूड, ताठ, आजकाल ‘१८० ग्रॅम’ म्हणून मिरवतात तसली. लेबलही वेगळंच, फोटोतलं नारिंगी लेबल दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रतीचं होतं. मग हेअर ड्रायरची गरम हवा देऊन तो स्टिकर हळूच सोडवला. खाली बारकोड! दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ला, ओहायोतल्या ट्रॉय गावात, च्युइंगमच्या पाकिटावर. रेकॉर्डच्या कव्हरवर तो यायला सत्तरचं दशक सरत आलं होतं. म्हणजे स्टिकर मुद्दाम, जागा हेरून चिकटवलेला.

आणि ते ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’? हे गाणं शगीच्या १९७१च्या ‘फ्रीडम फ्लाइट’मधलं. १९७७ साली ब्रदर्स जॉन्सन या बँडने ते गाजवलं. १९७४च्या मूळ अल्बमवर नऊ ट्रॅक आहेत, त्यात ते नाहीच. २००१च्या रीइश्यूत जोड म्हणून घातलं. मजकूर तिथूनच उचललेला होता. ‘मूळ प्रत’ म्हणत कुणी हे गाणं मोजून दाखवत असेल तर पुढे बोलूच नका.

घेण्याआधी शेवटचं गाणं संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागा, दोन्ही बाजूंचा, तिरप्या उजेडात काढलेला. तिथे कोरलेला नंबर एपिकच्या ३३०५९ या कॅटलॉग नंबरशी जुळायला हवा. जुळला म्हणजे झालं असंही नाही, पण फोटोच देत नसेल तर विषय संपला. मी मागितला तेव्हा ‘कॅमेऱ्यात नीट येत नाही’ असं उत्तर आलं होतं.

पैशांचं म्हणाल तर ॲपवाल्यांनी हात वर केले. त्या पर्यायातून गेलेली रक्कम खरेदी धरलीच जात नाही, आपण कुणाला तरी आपणहून दिलेले पैसे ठरतात, त्यामुळे खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. फी वाचवण्याचा एवढा आग्रह का होता ते आता कळलं असेलच. थोडी फी गेली तर जाऊ दे, ‘वस्तू किंवा सेवा’ हाच पर्याय निवडा.

रीइश्यूला माझा विरोध नाही. ती नसती तर हा माणूस कुणाला आठवला असता? रीइश्यू म्हणून रास्त भावात मिळाली असती तर मी आनंदाने घेतली असती. विकणाऱ्याने मला ब्लॉक केलंय. परवा दुसऱ्या नावाने तीच काकांची कथा पुन्हा दिसली, या वेळी सोल गायक डॉनी हॅथवेच्या रेकॉर्डसाठी. मी तक्रार नोंदवली आहे. तुम्हालाही दिसली तर नोंदवा.