पाच शहरं, बारा दिवस: मधले टप्पे ट्रेनने करायचे की स्वस्त विमानाने?

दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय. पहिल्या वेळी मी आणि बायको पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, रोम असे फिरलो, मधले सगळे टप्पे लो-कॉस्ट विमानाने. दुसऱ्या वेळी पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, आणि सगळं ट्रेनने. रूट अगदी तोच नव्हता त्यामुळे तुलना काटेकोर आहे असं म्हणत नाही, पण दोन-दोन रात्री राहून पुढे पळायचं ही पद्धत दोन्हीकडे सारखीच होती.

वेळेचा हिशोब बहुतेकांना माहीत असतो, पटकन सांगतो. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम विमान हवेत सव्वा तास, ट्रेन तीन तास वीस मिनिटं. पण विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, दोन्ही टोकांना शहरापासून जाणं-येणं वेगळं. अ‍ॅमस्टरडॅमचं स्किपोल सोपं आहे, तिथून ट्रेनने सेंट्रल स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर. पण प्रागच्या विमानतळाला मेट्रो नाही, बसने मेट्रोपर्यंत यायचं. आणि तिकिटावर नुसतं 'पॅरिस' बघून बुक करू नका, ते बोवे विमानतळ निघालं तर ते शहरापासून साधारण ८५ किलोमीटर आहे, बसलाच सव्वा तास जातो. थोडक्यात या अंतरांना दोन्ही जवळपास बरोबरीतच येतात, वेळेवरून माझं काही ठरलं नाही.

माझं ठरलं ते एका नळकांड्यावरून.

अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममधून बायकोने एक पोस्टर घेतलं, ते पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यात घालून देतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी प्रागचं विमान. तिकिटात प्रत्येकी एकच छोटी बॅग, सीटखाली मावेल एवढी. गेटवर सांगितलं की नळकांडं ही दुसरी वस्तू झाली, एकतर बॅगेत घाला नाहीतर पैसे भरा. बॅगेत कसं घालणार, ते बॅगेपेक्षा लांब! मग मागे रांग खोळंबलेली, आम्ही बाजूला उभं राहून कार्ड काढतोय, आणि भरलेले पैसे तिकिटापेक्षा जास्त. तिकीट २९ युरोचं होतं, गेटवर गेले ४८. नियम त्यांनी आधी लिहिलेला होता, त्याबद्दल वाद नाही. पण बायकोचा चेहरा उतरला तो प्रागच्या पहिल्या संध्याकाळपर्यंत तसाच होता, आणि आमच्याकडे प्रागला दोनच संध्याकाळी होत्या.

आणि खरं सांगायचं तर पैशांपेक्षा पुढचं जास्त लागलं. त्यानंतर आम्ही काही विकत घेणंच थांबवलं. प्रागमध्ये एका दुकानात काचेचा छोटा दिवा हातात घेऊन बायकोने पुन्हा खाली ठेवला, 'बॅगेत नाही मावणार' म्हणून. एकाच शहरात आठवडाभर राहणाऱ्याला हा त्रास एकदाच होतो, पण पळत्या ट्रिपमध्ये दर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी बॅग भरायची असते आणि प्रत्येक वेळी तीच धाकधूक, जाकीट अंगावर चढवा, चार्जर खिशात कोंबा, बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. मोठी बॅग आधीच बुक करता येते, बरोबर आहे, पण दोघांचे तीन टप्पे धरले की स्वस्तपणा बराचसा तिथेच संपतो.

ट्रेनमध्ये बॅग कोणी मापत बसत नाही. उचलून चढता येतंय ना, मग झालं. हवी तेवढी पाण्याची बाटली, वाइनची बाटली, पोस्टर, काहीही.

आता ट्रेनचे दोष, कारण आहेत. जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा काही भरवसा नाही. २०२४ मध्ये त्यातल्या साधारण ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर 'वेळेवर'मध्येच धरतात. म्हणून माझं म्हणणं, थेट गाडी मिळत असेल तर थोडी उशिराची असली तरी तीच घ्या, पंधरा मिनिटांत गाडी बदलायचे बेत नकोत. आमचा एक टप्पा पाऊण तास लेट झाला, पण थेट होता म्हणून नुसतं बसून राहिलो, पुढचं काही चुकलं नाही. अ‍ॅमस्टरडॅम-बर्लिन सहा तासांच्या आसपास आहे, तो एक टप्पा मलाही लांब वाटला, तिथे कोणी विमान घेतलं तर मी नको म्हणणार नाही. जर्मन गाड्यांत तिकीट आणि सीटचं रिझर्वेशन वेगळं असतं, तेही करून टाका, नाहीतर गर्दीच्या दिवशी उभं राहावं लागू शकतं. आणि बर्लिनच्या हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला, गाड्या वरच्या मजल्यावरूनही सुटतात आणि अगदी तळातूनही, वीस मिनिटं हातात ठेवून जा.

बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या रेल्वे पासबद्दल सगळे विचारतात. युरोपबाहेरच्यांसाठी युरेल, तिथे राहणाऱ्यांसाठी इंटररेल. चार-पाचच टप्पे असतील आणि तारखा पक्क्या असतील तर दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं काढलेली आम्हाला स्वस्त पडली. पास असला तरी पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमच्या युरोस्टार गाडीचं रिझर्वेशन पैसे भरून वेगळं घ्यावं लागतं आणि पासवाल्यांसाठी सीट मोजक्याच असतात. तारखा हलत्या असतील तर मात्र पासचा विचार जरूर करा.

विमान कुठे घ्याल तर लांबच्या उडीला. लिस्बन, अथेन्स, असं काही मध्ये घुसवायचं असेल तर ट्रेनचा हट्ट नको. माद्रिद-लिस्बन ही दोन राजधान्यांची शहरं, पण मध्ये थेट ट्रेन नाही. आमच्या पहिल्या ट्रिपमधलं प्राग-रोमही आज मी विमानानेच करेन, फक्त बॅगेचे पैसे पहिल्याच दिवशी भरून. पण पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत अशी ओळीत लागणारी शहरं असतील तर मला तरी ट्रेनच बरी वाटते. बर्लिन-प्राग चार-साडेचार तास, प्राग-व्हिएन्ना चार तास, आणि उतरलं की शहरातच. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून वेन्सेस्लास चौक चालत दहा मिनिटांवर आहे.

बर्लिनहून प्रागला जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या. ड्रेस्डेन सुटलं की एल्ब नदी त्याच बाजूला लागते आणि सरहद्द ओलांडून पुढेही कितीतरी वेळ सोबत राहते, पलीकडे उभे खडक. चेक डायनिंग कार असेल तर जेवण तिथेच करा, स्वीचकोवा (क्रीमच्या सॉसमधलं बीफ) चांगली मिळते. दुसऱ्या ट्रिपला आम्ही तिथेच जेवत बसलो होतो, नदी बघत, आणि वरच्या रॅकवर बर्लिनहून घेतलेली दोन नळकांडी होती.