अडोबी कॅम्पेन क्लासिक: बाहेरचा डेटाबेस जोडण्याची सोय

ग्राहकांना ईमेल वगैरे पाठवण्याच्या मोहिमा चालवणाऱ्या अडोबी कॅम्पेन क्लासिक या सॉफ्टवेअरमधील ‘फेडरेटेड डेटा अ‍ॅक्सेस’ ही सोय मला मनापासून आवडली, कारण स्नोफ्लेक किंवा टेराडेटासारख्या डेटाबेसमधील अवाढव्य माहिती आपल्याकडे न उतरवता जागेवरच वाचता येते. सर्व्हरवर ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी संवाद साधून देणारा छोटा प्रोग्राम) बसवून एक्स्टर्नल अकाउंट (बाहेरच्या डेटाबेसच्या जोडणीचा तपशील) तयार केले, कनेक्शनची चाचणी यशस्वी झाली आणि स्कीमा (टेबलाच्या रचनेचा आराखडा) बांधला, की बाहेरचे टेबल वर्कफ्लोच्या (एकामागून एक आपोआप होणाऱ्या कामांच्या साखळीच्या) क्वेरीत घरच्या टेबलासारखेच वापरता येते. मात्र ही सोय एकगठ्ठा कामांसाठीच आहे. प्रत्येक ईमेल वैयक्तिक करताना दरवेळी बाहेर विचारणा केल्यास पाठवणी रखडते. म्हणून हव्या त्या नोंदी निवडणारी गाळणी (फिल्टर) बाहेरच्या डेटाबेसमध्येच लावावी आणि नाव, शहर, शेवटच्या खरेदीची तारीख असे लागणारे मोजके रकाने वर्कफ्लोमध्ये आधीच आणून ठेवावेत, हे मी आग्रहाने सांगेन.